वाचकांचे प्रश्न : सर्पमित्रांचे मंडळ, कायदा आणि पावसाळ्यातले बेडूक

गेल्या अंकात या सदरासाठी सर्पमित्रांच्या आणि बेडूक-कासवांचा अभ्यास करणाऱ्या हौशी गटांच्या कामाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी एकाच आशयाची पत्रे एकत्र करून, पत्रलेखकांची नावे वगळून, प्रश्न आणि उत्तरे येथे देत आहोत.

आमच्या भागात साप निघाला की पाच-सहा तरुण रात्री-अपरात्री धावून जातात. त्यांचे रीतसर मंडळ स्थापन करावे, असे सर्वांना वाटते. मंडळाची नोंदणी झाली की साप पकडण्याचा अधिकार मिळतो का? — एक वाचक, कराड

मिळत नाही. हा गैरसमज खोलवर रुजलेला असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल. किमान सात सभासद आणि लेखी नियमावली असेल, तर १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करता येते. तिचा उपयोग बँकेत खाते उघडण्यासाठी, देणगी घेण्यासाठी आणि हिशेब चोख ठेवण्यासाठी होतो. वन्यप्राण्याला हात लावण्याची मुभा त्या प्रमाणपत्रातून येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या फार व्यापक आहे. केवळ ठार मारणेच नव्हे, तर पकडणे, सापळा लावणे, हुसकावणे, इतकेच काय, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा त्यांची जागा हलवणे हेही तिच्यात मोडते. या कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तेव्हा अनुसूचींची फेरमांडणी होऊन नाग, घोणस आणि आपली नेहमीची धामणसुद्धा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत गेली. या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला कायदा गुन्हा मानत नाही, हे खरे. पण घरात निघालेला नाग बरणीत घालून आठवडाभर कार्यालयात ठेवणे किंवा शाळेत नेऊन मुलांना दाखवणे या सवलतीत बसत नाही.

तेव्हा आपल्या तरुणांनी नोंदणीच्या अर्जाआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांना भेटावे, सभासदांची यादी द्यावी आणि प्रत्येक सुटकेची माहिती कोणाला, किती वेळात आणि कोणत्या स्वरूपात द्यायची हे लेखी ठरवून घ्यावे. राज्य शासनाने २०२५ मध्ये सर्पमित्रांना ओळखपत्र आणि अपघात विमा देण्याची घोषणा केली आहे. तिची अंमलबजावणी आपल्या भागात कुठवर आली आहे याची चौकशीही त्याच कार्यालयात करावी. केरळच्या वनविभागाने या बाबतीत अधिक पद्धतशीर वाट धरली आहे. तेथे स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र दिले जाते आणि साप दिसल्याची खबर ‘सर्पा’ नावाच्या मोबाइल ॲपवरून जवळच्या प्रमाणित स्वयंसेवकापर्यंत पोहोचते, त्यामुळे कोणी, कोठे, कोणता साप पकडला आणि कोठे सोडला याची नोंद शासनाकडे आपोआप राहते. आपल्याकडे अशी सोय सर्वत्र होईपर्यंत हे काम मंडळाच्या नोंदवहीने करायला हवे. तारीख, वेळ, ठिकाण, जाती, लांबीचा अंदाज, सापाच्या अंगावरील जखमा आणि सोडल्याची जागा हे रकाने तर असावेतच. पण ‘साप पकडावा लागला नाही’ असाही एक रकाना असावा, असा आमचा आग्रह आहे. अंगणातून कुंपणापलीकडे निघालेल्या धामणीला तिच्या वाटेने जाऊ देणे आणि तोवर घरच्या माणसांशी फोनवर बोलत राहून त्यांचा धीर टिकवणे, हेही मंडळाचेच काम आहे. आमच्या मते तेच त्याचे मुख्य काम आहे.

पकडलेले साप आमचा गट पंचवीस-तीस किलोमीटरवरील राखीव जंगलात सोडतो. गावकऱ्यांना त्यामुळे समाधान वाटते. काही अभ्यासक मात्र हे चूक आहे असे म्हणतात. खरे काय? — एक सर्पमित्र, बारामती

अभ्यासकांचे म्हणणे बरोबर आहे. सापाला स्वतःचा मुलूख असतो. उंदीर कोणत्या बिळात सापडतो, उन्हाळ्यात गारवा कोठे मिळतो, मुंगूस कोणत्या बाजूने येते, हे सारे त्याला त्या मुलखापुरते ठाऊक असते. अनोळखी जागी सोडलेला साप निवारा शोधत उघड्यावर फिरत राहतो आणि त्या भटकंतीत वाहनाखाली, शिकारी पक्ष्याच्या तावडीत किंवा दुसऱ्याच एखाद्या वस्तीत सापडतो. कर्नाटकातील आगुंबे परिसरात नागराजांच्या (किंग कोब्रांच्या) शरीरात रेडिओ प्रक्षेपक बसवून जो अभ्यास झाला, त्यातही हेच दिसले : पकडून दूर नेलेला नागराज आपल्या जागी राहणाऱ्या नागराजापेक्षा कितीतरी अधिक लांब चालत राहिला. नागराज बारामतीत नाही, हे मान्य. परंतु बारामतीच्या शेतांवर पोसलेल्या धामणीला किंवा नागाला घनदाट जंगल हे घर वाटण्याचे कारण नाही, कारण त्यांचे अन्न शेतातल्या उंदरांवर उभे आहे. त्यातच निरनिराळ्या तालुक्यांतले साप एकाच टेकडीवर आणून सोडत राहिल्यास रोग आणि परोपजीवी यांचीही देवाणघेवाण होते.

म्हणून साप शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी, पकडलेल्या जागेच्या जवळ सोडावा. शंभर-दोनशे मीटरवरचा ओढा, पडीक बांध किंवा झुडपांची रांग बहुधा पुरेशी असते. एक किलोमीटरपलीकडे जाण्याची गरज क्वचितच पडते. वनविभागाला कळवून आणि शक्य असेल तेथे त्यांच्या कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत हे करावे. अडचण खरी येते ती गावकऱ्यांच्या समाधानाची. ज्या घरात घोणस निघाली त्या घरातल्या माणसांना ती दोनशे मीटरवर सोडली आहे हे सांगणे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु घोणस त्या परसात आली ती उंदरांमागे किंवा विटांच्या ढिगातील गारव्यासाठी. ढीग आणि उंदीर तसेच राहिले, तर नेलेल्या घोणशीच्या जागी दुसरी येणारच. त्यामुळे साप पिशवीत गेल्यावर लगेच निघून न जाता, सरपण जमिनीपासून उचलून ठेवणे, मोरीच्या तोंडाला जाळी बसवणे, कोंबड्यांचे सांडलेले दाणे झाडून घेणे, दाराखालची फट बुजवणे एवढे सांगून आणि जमल्यास करून दाखवूनच सर्पमित्राने तेथून निघावे. गावकऱ्याला समाधान द्यायचे असेल तर ते यातून द्यावे.

माझी एकोणीस वर्षांची मुलगी महाविद्यालयातील मैत्रिणींबरोबर सर्पमित्रांच्या गटात जाऊ लागली आहे. तिला अडवावे असे वाटत नाही, पण रात्री झोप लागत नाही. काय करावे? — एक आई, चिपळूण

ताई, आपली काळजी अनाठायी नाही, आणि कोणत्याही चांगल्या गटाने ती हसून उडवून लावू नये. गट पारखण्याची एक सोपी खूण सांगतो. त्या गटातील माणसे समाजमाध्यमांवर कोणती छायाचित्रे टाकतात ते पाहा. हातात फणा काढलेला नाग, गळ्यात अजगर, सापाच्या तोंडाशी नेलेला चेहरा अशी छायाचित्रे असतील, तर मुलीला तेथून शांतपणे बाजूला काढा. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बहात्तर तास काढले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करणे हा त्यामागचा उद्देश होता. तो मुद्दा तेव्हाच सिद्ध झाला आहे, आणि आता एखाद्या चाळीच्या अंगणात तो पुन्हा सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही.

चांगल्या गटात नवा सभासद बराच काळ सापाला हातच लावत नाही. तो किंवा ती फोन घेते, छायाचित्रावरून जात ओळखायला शिकते, गर्दी मागे हटवते, नोंदवही लिहिते, शाळांतून बोलते. साप पकडताना दोन माणसे असतात, पायांत गमबूट असतात, प्रखर विजेरी असते आणि सापाला हुकाने हलकेच वळवून, पिशवीच्या तोंडाशी बांधलेल्या नळीत स्वतःहून शिरू दिले जाते. अंधारी नळी दिसली की साप तीत शिरतो, ही पद्धत सापालाही सुखाची आणि माणसालाही. लोखंडी चिमट्याने सापाच्या बरगड्या मोडतात. मानेला धरणे तर दोघांनाही धोक्याचे.

आपल्या भागापुरती एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचे औषध, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर तयार केलेले असते. सह्याद्रीच्या झाडीत आढळणाऱ्या चापडा या विषारी सापाच्या विषासाठी ते बनलेले नाही. चापड्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच येतो, पण सूज आणि वेदना फार होतात, म्हणून ‘हा काही मोठा विषारी नाही’ अशा समजुतीने कोणी त्याला हाताळू नये. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र दोन्ही आहेत, हे गटातील प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. मुलीला हा एक प्रश्न विचारा. तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, तर आपल्याला थोडी झोप लागायला हरकत नाही.

मण्यार आणि कवड्या यांतील फरक अंधारात कसा ओळखावा? — एक शेतकरी, अहिल्यानगर

अंधारात ओळखूच नये. दिवसाउजेडी किंवा दुरून घेतलेल्या छायाचित्रात पाहायचे झाल्यास, मण्यारीचे अंग चकचकीत काळे किंवा निळसर काळे असते, तिचे पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीने असतात आणि ते डोक्यापासून काही अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे अधिक ठळक होत जातात; बिनविषारी कवड्याचा रंग तपकिरीकडे झुकतो, त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. परंतु पिल्ले आणि कात टाकण्याच्या बेतात असलेले साप या नियमांना जुमानत नाहीत. म्हणून घरात शिरलेला पट्ट्यांचा साप जाणकाराने पाहीपर्यंत मण्यारच समजावा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली, तर व्रण शोधत न बसता रुग्णालय गाठावे. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, आणि ओळख पटावी म्हणून साप मारून बरोबर नेऊ नये. लक्षणांवरून डॉक्टर उपचार करतात. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त बंदोबस्त आहे.

सर्पमित्राने साप पकडून झाल्यावर हजार रुपये मागितले. हे योग्य आहे का? — एक गृहिणी, नागपूर

या कामाला कोणताही शासकीय दर नाही. पेट्रोलचा खर्च स्वखुशीने देणे वेगळे आणि साप पिशवीत असताना रकमेचा घोळ घालणे वेगळे. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. आधी तेथे कळवावे, म्हणजे आलेला माणूस कोण याचीही नोंद राहते. आमचे मत एवढेच की, जे मंडळ वर्षाकाठी आपला जमाखर्च सूचनाफलकावर लावते त्याला वर्गणी जरूर द्यावी.

आम्हाला सापांपेक्षा बेडकांत रस आहे. पण आम्ही कोणीही प्राणिशास्त्राचे पदवीधर नाही. आमच्या हौशी नोंदींचा विज्ञानाला काही उपयोग होतो का, की तो केवळ पावसाळी सहलीचा प्रकार आहे? — तीन मित्र, सावंतवाडी

होतो, आणि आपल्या भागात तर फारच. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना ज्या आठ जणांनी केली, त्यांच्यात प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन हे होते. दोघांचाही व्यवसाय वैद्यकीचा, आणि निसर्गनिरीक्षण हा फावल्या वेळचा छंद. नोंद करणाऱ्याच्या पदवीपेक्षा नोंदीची तारीख, जागा आणि सचोटी यांनाच महत्त्व असते.

आपल्या दाराशी असलेल्या आंबोलीचेच उदाहरण घ्या. तेथील आंबोली टोड हा छोटा भेक विज्ञानाला स्वतंत्र जात म्हणून २००९ मध्ये माहीत झाला, आणि तो आंबोलीच्या आसपासच्या अगदी लहान टापूतच सापडतो. त्याचा जवळचा भाऊबंद कोयनेच्या परिसरात आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, जांभ्या खडकात जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. हे डबके गाडीच्या चाकाने किंवा छायाचित्र काढणाऱ्यांच्या बुटांनी तुडवले गेले, तर त्या जागची त्या वर्षीची पिढी संपते. कोणत्या वर्षी पहिली अंडी कोणत्या तारखेला दिसली, त्याआधी किती पाऊस झाला होता, पावसाने ओढ दिल्यावर किती डबकी आटली, ही माहिती बाहेरून दोन दिवसांसाठी येणारा संशोधक मिळवू शकत नाही. ती तेथे राहणाऱ्यांनीच दर वर्षी लिहून ठेवावी लागते. आपण तिघांनी पाच-सहा ठरावीक डबकी आणि रस्त्याचा एक ठरावीक टप्पा निवडून, ठरलेल्या वारी तेथे जाऊन, काही दिसले नाही तरी ‘काही दिसले नाही’ अशी नोंद केली, तर ते काम सहलीच्या पलीकडचे होईल. घाटरस्त्यावर वाहनांखाली मेलेल्या बेडकांची आणि सापांची मोजणी तितकीच मोलाची आहे, कारण कोणत्या वळणावर वेगमर्यादेचा फलक किंवा रस्त्याखालून मोरी हवी, हे सांगायला तोच पुरावा लागतो. बेडकांचे आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत. दिसायला सारख्या असणाऱ्या झाडबेडकांच्या जाती आवाजावरून वेगळ्या काढता येतात.

देवगांडुळाकडे आपण विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. हा पाय नसलेला उभयचर मातीत राहतो, गांडुळासारखा दिसतो आणि सापाचे पिल्लू समजून कुदळीने मारला जातो. शेतात माती खणताना तो दिसल्यास, ओल्या मातीसह छायाचित्र घेऊन त्याला पुन्हा झाकून टाकावे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. बेडकाची त्वचा बाहेरचे द्रव शोषून घेते, तेव्हा डास पळवणारे मलम किंवा जंतुनाशक लावलेल्या हाताने त्याला कधीही उचलू नये. खरे तर उचलूच नये. दुसरे असे की, जगभर बेडकांच्या अनेक जातींचा संहार करणारी त्वचेची बुरशी पश्चिम घाटातही आढळलेली आहे, आणि ती बुटांच्या ओल्या चिखलातून एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर जाऊ शकते. त्यामुळे जागा बदलताना बूट घासून, जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावेत. नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्यावी. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाप्रमाणे या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, आणि त्या वहीतील उभयचरांची पाने अनेक गावांत कोरी असतात.

शहरात राहून कासवांच्या संवर्धनात सहभागी होता येते का? — एक निवृत्त शिक्षक, ठाणे

येते. नाना फडणवीसांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी जी अंडी खाण्यासाठी उकरली जात, ती आता गावकरीच पहाटे गस्त घालून शोधतात आणि किनाऱ्यावरील कुंपणात मूळ घरट्याइतक्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात; एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. शहरातून जाणाऱ्याने संवर्धनाचे कौशल्य दाखवण्याच्या भरीस न पडता गावातल्या घरी मुक्काम करावा, जेवणाखाण्याचे पैसे गावातच द्यावेत, पिल्लांना हात लावू नये आणि फ्लॅश वापरू नये. गस्त घालणाऱ्या माणसाला हंगामी का होईना पण उत्पन्न मिळते, म्हणून ही व्यवस्था टिकली आहे. आपल्यासारख्या शिक्षकाला आणखी एक काम करता येईल : गावच्या वाचनालयाला निसर्गावरील मराठी पुस्तके नियमित पाठवणे.

मांडुळाच्या व्यवहारात लाखो रुपये मिळतात, असे एका परिचिताने सांगितले. आमच्या शेतात मांडूळ आहे. — एक वाचक, सोलापूर

परिचिताला दूर ठेवा. मांडूळ बिनविषारी, निरुपद्रवी आणि उंदीर खाणारा साप आहे. त्याची बोथट शेपटी तोंडासारखी दिसते एवढ्यावरून त्याला दुतोंड्या ठरवून गुप्तधनाच्या आणि औषधाच्या भाकडकथा रचल्या गेल्या आहेत. या व्यवहारातील गिऱ्हाईक बहुतेक वेळा ठगच असते आणि पोलिसांच्या छाप्यात सापडतो तो शेतकरी. मांडूळ आहे तेथे राहू द्यावे आणि पुन्हा कोणी विचारणा केल्यास १९२६ वर कळवावे.

गोव्यात पावसाळ्यात मोठे बेडूक पकडून खाल्ले जातात. आमचा छोटा गट रात्री गस्त घालतो, पण लोकांशी वाद होतात. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनीही ते खाल्लेले आहेत. — एक वाचक, म्हापसा

‘जंपिंग चिकन’ या नावाने काही ठिकाणी मिळणारे हे मांस मोठ्या बेडकांचे असते. पहिल्या पावसात नर पिवळेधमक होऊन डबक्याकाठी ओरडू लागतात आणि नेमक्या त्या रात्री विजेरीच्या झोतात दिपून ते सहज हाती लागतात. म्हणजे पकडला जाणारा प्रत्येक नर त्या हंगामाच्या प्रजननातून वजा होतो. भारताने बेडकांच्या पायांची निर्यात १९८७ मध्ये थांबवली ती शेतीतील किडींचा आणि कीटकनाशकांचा विचार करूनच. देशांतर्गतही या बेडकांना पकडणे हा गुन्हा आहे.

वाद टाळायचा असेल, तर गस्तीवर वनविभागाचा कर्मचारी असल्याशिवाय कोणालाही अडवू नका. जागा, वेळ आणि वाहनाचा क्रमांक टिपून विभागाला कळवणे एवढीच आपली मर्यादा. खरा परिणाम दिवसा होतो. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, उपाहारगृहांच्या मालकांना भेटा, कायद्याची प्रत द्या आणि बेडकाचे मांस ठेवणे बंद केल्यास आपल्या मंडळाच्या ओळखीच्या लोकांना त्यांचे उपाहारगृह सुचवता येईल असे मोकळेपणाने सांगा. घरातील वडीलधाऱ्यांशी कायद्याची भाषा बोलू नका. त्यांच्या लहानपणी शेतात किती बेडूक ओरडत आणि आता किती ओरडतात, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. म्हापशाच्या आसपासच्या शेतांविषयी ती माहिती आपल्या वहीत दुसऱ्या कोणाकडूनही येणार नाही.